प्रवाळ दत्तक घ्यावं का? सोलापूरच्या एका शिक्षकांच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापुरात आठवी-नववीला विज्ञान शिकवता. प्रवाळ पांढरं पडण्यावरचा एक व्हिडिओ तुम्ही वर्गात दाखवलात, मुलं हळहळली आणि त्यांनी खाऊच्या पैशांतून साडेसात हजार रुपये जमवले. आता तुमच्यासमोर एका कंपनीची 'प्रवाळ दत्तक घ्या' योजना आहे. पैसे भरले की कुठल्याशा बेटाजवळ शाळेच्या नावाने प्रवाळाचे तुकडे लावणार आणि फोटोसह प्रमाणपत्र पाठवणार. हे पैसे भरावेत का, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा की, ही बेटं माणसांसाठी सरळ बंदच केली तर कासवं, डुगाँग (समुद्री गाय), प्रवाळ सगळं आपोआप वाचणार नाही का?

मी मूळची सोलापूरचीच. माझं काम प्रवाळभित्तींच्या पाहणीचं, मुख्यतः लक्षद्वीपमध्ये आणि काही काळ अंदमानात. पाण्याखाली टेप अंथरायची, तिच्याखाली जिवंत प्रवाळ किती, मेलेलं किती, शेवाळ किती हे पाटीवर लिहायचं, आजूबाजूचे मासे मोजायचे, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी जाऊन पुन्हा तेच करायचं. त्या अनुभवावरून सांगते: पैसे अजून भरू नका. आणि बेटं बंद करण्याबद्दल म्हणाल, तर बंदी कोण घालतं आणि कोण पाळतं यावर सगळं ठरतं. आता कारणं सांगते. ती मुलांना सांगण्यासारखी आहेत.

प्रवाळभित्तीला रोपांची टंचाई नसते. निरोगी भित्तीवरची प्रवाळं वर्षातल्या ठरावीक रात्री लाखोंनी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. त्यांतून निघालेली पिल्लं काही दिवस तरंगतात आणि मग बसायला टणक, स्वच्छ जागा शोधतात. तिथे शेवाळाची गादी झालेली असेल, गाळ साचलेला असेल किंवा मेलेल्या प्रवाळाचा सुटा चुरा लाटेबरोबर हलत असेल, तर पिल्लू टिकत नाही. बसलंच, तर त्याला वाढायला काही थंड वर्षं सलग मिळावी लागतात. त्यामुळे नवीन प्रवाळ कुठून आणायचं या प्रश्नापाशी मी फार थांबत नाही. येणाऱ्या पिल्लाला जागा आणि वेळ मिळतोय का, हे मी आधी पाहते.

वेळ कमी पडतोय तो उष्णतेमुळे. प्रवाळ हा प्राणी आहे हे तुम्ही शिकवलंच असेल. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि खालचा पांढरा चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, ते उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाहीतर काही आठवड्यांत त्यावर शेवाळ चढतं.

किती तापमान म्हणजे फार? सोलापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. एखादा दिवस ४४ अंशांवर गेला तर आपण सावलीत बसून निभावून नेतो, पण आठवडेच्या आठवडे रात्रीसुद्धा घर निवलं नाही तर धडधाकट माणूसही आडवा होतो. प्रवाळाचंही तसंच. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याची जी सरासरी असते, तिच्यापेक्षा पाणी १ अंश जास्त तापलेलं एक आठवडा राहिलं तर तो एक 'तापलेला आठवडा' धरतात. १ अंशाने चार आठवडे, किंवा २ अंशांनी दोन आठवडे, अशी बेरीज ४ वर गेली की प्रवाळ ठळकपणे पांढरं पडायला लागतं. ८ च्या पुढे मोठ्या प्रमाणावर मरतं. एवढं गणित आठवीतल्या मुलांना सहज येतं. त्यावर पुढे एक काम सुचवणार आहे.

जगभर एकाच काळात प्रवाळ पांढरं पडण्याच्या घटना १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाल्या. चौथी २०२३ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती अधिकृतपणे जाहीर झाली. या चौथ्या खेपेत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला पांढरं पडण्याइतकी उष्णता सोसावी लागली. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ हे तीन मोठे तडाखे बसले, आणि २०२४ चा उन्हाळा त्यावर आला. मधलं अंतर बघा: बारा वर्षं, सहा वर्षं, आठ वर्षं. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांवर १९९८ पासून चोवीस वर्षं नोंदी ठेवल्या. त्या काळात जिवंत प्रवाळाचं आच्छादन ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. त्याच अभ्यासात एक उमेद देणारी गोष्टही आहे. मोठ्या उष्णतेविना सहाएक वर्षं मिळाली की प्रवाळाची वाढ वेग घेते. म्हणजे सावरण्याची ताकद आहे, पण ती दिसायला लागेपर्यंत पुढचा उन्हाळा दारात उभा असतो.

आता 'जागा' या भागाकडे येते. इथे माणसाच्या हातात खूप काही आहे, आणि माझ्या मते वाचवण्याचं खरं काम इथेच आहे.

प्रवाळ मेल्यावर मोकळ्या झालेल्या सांगाड्यावर पहिल्यांदा शेवाळ येतं. ते खरवडून खाणारे मासे असतील तर जागा स्वच्छ राहते. पॅरटफिश, म्हणजे पोपटासारख्या चोचीचा मासा, दिवसभर हेच करतो. त्याच्या चोचीने खडक खरवडल्याचा कर्रकर्र आवाज पाण्याखाली सतत कानावर येत असतो. शेवाळाबरोबर चुन्याचे कणही त्याच्या पोटात जातात आणि वाळू होऊन बाहेर पडतात. मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो, आणि अशा बेटांवरच्या पांढऱ्या किनाऱ्यांत त्याचा मोठा वाटा असतो. सर्जनफिश शेवाळाचे कोवळे धागे कुरतडतो. आपल्याकडे ज्यांना हेकरू म्हणतात ते मोठे शिकारी मासे आणि मुशी, म्हणजे शार्क, वरचा समतोल सांभाळतात. हे सगळे जागेवर असतील तर उष्णतेचा तडाखा बसल्यावर भित्ती कोसळत नाही, अशी खात्री मी देत नाही. ती कोसळते, पण पुन्हा उभी राहण्याची तयारी तिच्यात शिल्लक असते.

लक्षद्वीपच्या भित्तीला ही तयारी बराच काळ लाभली, याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. तिथले मच्छीमार प्रामुख्याने खुल्या समुद्रातला कुपा (ट्यूना) पकडतात, तोही काठीला गळ लावून, एकेक मासा. ही तिथल्याच मिनिकॉय बेटाची जुनी पद्धत. १९६० च्या दशकात मत्स्यविभागाने ती बाकीच्या बेटांवर नेली. आधी लगूनमध्ये, म्हणजे भित्तीच्या आतल्या उथळ पाण्यात, बारीक मासे आमिषासाठी धरायचे, ते जिवंत ठेवून होडी बाहेर न्यायची, कुप्याच्या थव्यात आमिष फेकायचं आणि काठ्या टाकायच्या. पोटापाण्याचा भार बाहेरच्या समुद्रावर गेला आणि भित्तीवरच्या माशांना उसंत मिळाली. कोणी प्रवाळ वाचवायचं म्हणून हे केलेलं नव्हतं. तरीही त्या बेटांभोवतीच्या भित्तीसाठी या एका व्यवसायाने जे केलं, ते कुठल्याही लागवडीने झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. अलीकडे हॉटेलांसाठी आणि बाहेरच्या बाजारासाठी भित्तीवरचे मासे पकडण्याकडे ओढा वाढतोय, म्हणून मी अस्वस्थ आहे. हेकरूच्या काही जाती वर्षातून ठरावीक तिथीच्या आसपास एकाच जागी अंडी घालायला जमतात. ती जागा बाहेरच्या व्यापाऱ्याला कळली, तर काही दिवसांच्या मासेमारीत पुढच्या कित्येक वर्षांची वीण संपू शकते.

सांडपाण्याचं थोडक्यात सांगते. प्रवाळबेटावर गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. शोषखड्ड्यातलं पाणी त्यात आणि तिथून लगूनमध्ये झिरपतं. त्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ फोफावतं. त्यामुळे बेटावर एखादं मोठं रिसॉर्ट येतं तेव्हा त्यांचं सांडपाणी कुठे जाणार, हे मी पहिल्यांदा विचारते.

आता तुमच्या लागवडीच्या योजनेकडे. प्रवाळ लावणं ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी ती उत्तम चालते. इंडोनेशियात दक्षिण सुलावेसीजवळच्या बेटांवर स्फोटकांनी मासेमारी झाली होती आणि भित्तीचा चुरा होऊन पडला होता. सुट्या चुऱ्यावर पिल्लू बसत नाही, त्यामुळे ती जागा वर्षानुवर्षं तशीच राहिली असती. तिथे वाळूचा थर दिलेले सहा पायांचे लोखंडी सांगाडे एकमेकांना बांधून चुरा अडवला आणि त्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार वर्षांत त्या भागाची वाढ आसपासच्या निरोगी भित्तीच्या बरोबरीला आली. पण तिथे दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. नुकसानीचं कारण थांबलेलं होतं, आणि पाणी त्या काळात फारसं तापलं नव्हतं.

याच्या उलट फ्लोरिडा. तिथे पाण्याखालच्या रोपवाटिकांवर अनेक वर्षांची मेहनत झालेली होती. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की लोकांनी जमतील तेवढी प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवली. जी हलवता आली नाहीत त्यांतली खूपशी गेली. लागवडीला बहुतेक ठिकाणी फांद्यांची, भराभर वाढणारी जात निवडतात, कारण वर्षभरात फोटोत फरक दिसतो. उष्णता आली की सर्वांत आधी मरते तीही हीच. गोलाकार, दगडासारखी दिसणारी प्रवाळं चिवट असतात, पण ती वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. त्यांचा फोटो काढून प्रमाणपत्रावर लावण्यात कोणाला रस नसतो.

जगभरच्या लागवड प्रकल्पांचा एक मोठा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुकडे जगण्याचं सरासरी प्रमाण ६६ टक्के निघालं. ऐकायला बरं वाटतं. पण निम्म्याहून जास्त प्रकल्पांनी अठरा महिनेही लक्ष ठेवलेलं नव्हतं, आणि मध्यम आकाराचा प्रकल्प जेमतेम १०० चौरस मीटरचा होता, म्हणजे तुमच्या शाळेतल्या दोन वर्गखोल्यांएवढा. लक्षद्वीपच्या लगूनांचं क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये मोजतात. सर, दोन्ही आकडे मुलांसमोर फळ्यावर लिहा, पुढचं ती स्वतः बोलतील.

म्हणून कंपनीला काही गोष्टी लेखी विचारा. भारतात सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. वनविभागाच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. तेव्हा परवानगी कोणाची आहे, हे पहिलं. दुसरं, तुकडे कुठून आणले: वादळात मोडून पडलेले वेचले की जिवंत वसाहत तोडून? तिसरं आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं, त्या जागी आधीचं प्रवाळ कशाने मेलं होतं आणि ते कारण आता थांबलंय का? शेवटचं, २०२४ च्या उन्हाळ्यानंतर त्यांच्या लावलेल्या तुकड्यांपैकी किती जिवंत राहिले? जे गट खरं काम करतात ते मेलेल्या तुकड्यांचा आकडा न लाजता देतात. नुसते चकचकीत फोटो आले तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बेटं बंद करण्याचा. याचं उत्तर सोलापूर जिल्ह्याकडे आधीच आहे. १९७९ मध्ये नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं आली, शेतं आली, तालुक्याची ठिकाणंसुद्धा आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत सगळं अडलं, लोक वैतागले, आणि पक्ष्याचं नाव घेतलं तरी चिडायला लागले. शेवटी क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर माळरानाची शेती झाली, उसाला पाणी आलं, विजेच्या तारा आल्या, आणि माळढोक दिसणं दुर्मीळ होऊन बसलं. तुम्ही मुलांना घेऊन नान्नजला गेला असाल तर काळवीट भरपूर दिसले असतील. ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो पक्षी दिसला का, ते मला सांगा. नकाशावर मोठी रेघ ओढली आणि त्या रेघेच्या आत राहणारा माणूस विरोधात गेला, की काय होतं हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय.

बेटांवर हा धोका जास्त आहे. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, त्यावर २०११ च्या जनगणनेनुसार ६४,४७३ माणसं. त्यांची भिंतही तीच आणि शेतही तेच, म्हणजे प्रवाळभित्ती. लाटेच्या जोराचा सरासरी ९७ टक्के भाग अशा भित्तीवर फुटतो. समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेल्या या बेटांना दुसरं संरक्षण नाही. या लोकांना बाजूला सारून भित्ती कोण राखणार? समुद्रकाकडी नावाचा प्राणी चोरून पकडणारी होडी रात्री कुठे थांबते, हे त्यांनाच आधी कळतं.

बंदी लोकांनी स्वतः घातली की चित्र वेगळं दिसतं. फिलिपिन्सच्या आपो बेटावर १९८२ मध्ये गावकऱ्यांनी भित्तीचा एक छोटा पट्टा मासेमारीला बंद केला. सिलिमन विद्यापीठातले अँजेल अल्काला हे शास्त्रज्ञ त्याआधी वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलत होते. पट्टा लहान, पण राखण गावाची. आतले मासे मोठे झाले, त्यांची संख्या वाढली, आणि लगतच्या पाण्यात गावकऱ्यांच्या गळाला ते लागायला लागले. हेही सांगायला हवं की २०११ आणि २०१२ च्या वादळांनी त्या राखीव पट्ट्यातली प्रवाळं मोडून काढली. राखीव क्षेत्राची पाटी वादळाला आणि तापलेल्या पाण्याला अडवत नाही. तिचं काम मासेमारीचा भार कमी ठेवण्याचं, आणि ते ती करते. अंदमानात वंडूरजवळचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून आहे, आणि तिथल्या कडक संरक्षणाचा उपयोगही होतो. तरी २०१० च्या उष्णतेत तिथलं प्रवाळ पांढरं पडलंच.

संकटातल्या प्रजातींच्या बाबतीतही एकच नियम सगळीकडे लागत नाही. अगत्तीच्या लगूनची गोष्ट मुलांना जरूर सांगा. तिथे हिरव्या कासवांना संरक्षण मिळालं, आणि ती दाट संख्येने एकाच लगूनमध्ये जमली. समुद्री गवत हे त्यांचं खाणं. त्यांनी ते इतकं खाल्लं की कुरणच संपलं. त्या गवतात वाढणारे मासे कमी झाले, जाळी फाटू लागली, आणि मच्छीमार कासवांवर रागावले. पुढे कासवं दुसऱ्या बेटांच्या कुरणांकडे सरकली. बाहेरून आलेल्याला वाटतं, कासव वाचवायचं आणि मच्छीमाराला समजवायचं. अगत्तीत मच्छीमार जे सांगत होता ते मोजमापाने खरं ठरलं. कासवाला संरक्षण नको असा याचा अर्थ मी काढत नाही. २०२५ मध्ये हिरवं कासव जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' गटातून बाहेर आलं, ते कित्येक दशकांच्या संरक्षणामुळेच. पण कासव, कासवाला खाणारी मोठी मुशी, गवत आणि मासेमारी हे सगळं एकत्र बघितल्याशिवाय एकट्या कासवाचा हिशेब लागत नाही. डुगाँगचा प्रश्न याहून अवघड. भारतात ते दोनशेच्या आसपासच उरले असावेत असा अंदाज आहे. त्यालाही गवताचीच कुरणं लागतात, आणि मादीला कित्येक वर्षांनी एक पिल्लू होतं. जाळ्यात अडकून एक मादी गेली तरी ती उणीव लवकर भरत नाही.

एका जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे, म्हणून लिहिते. ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया खाडीत लेदरबॅक हे सर्वांत मोठं समुद्री कासव अंडी घालतं. २००४ च्या त्सुनामीत तो किनारा वाहून गेला, पुन्हा तयार झाला, आणि कासवं परत आली. २०२१ मध्ये तिथल्या अभयारण्याचा दर्जा काढण्यात आला आणि खाडीत बंदराची योजना आली. त्या योजनेत १६ हजारांहून अधिक प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावण्याचा प्रस्ताव आहे. लागवडीबद्दल वर जे लिहिलं ते इथे आठवा. जी भित्ती चांगली उभी आहे ती हलवणं हा संरक्षणाचा मार्ग मी मानत नाही. अंडी घालण्याचा किनारा तर हलवताच येत नाही.

एवढं सगळं परिस्थितीवर अवलंबून असेल तर ठाम काय, असं तुम्ही विचाराल. उष्णता कमी व्हायला जगाचा कोळसा-तेलाचा वापर खाली यावा लागेल. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१८ च्या अहवालाने म्हटलंय की तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती घटतील, आणि २ अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त. ही अर्ध्या अंशाची लढाई फार मोठी आहे. ती चालू असताना भित्तीवरचे मासे राखणं, पाणी स्वच्छ ठेवणं आणि बेटावरच्या माणसांच्या हातात निर्णय असणं, एवढं आज करता येतं. मी माझा वेळ त्यातच घालवते.

आता सोलापुरातून काय करता येईल, ते मुलांच्या दृष्टीने लिहिते.

पहिलं काम घरात आणि बाजारात बघण्याचं. 'इंद्रजाल' नावाची जाळीदार काळपट फांदी फ्रेममध्ये घालून वास्तुदोषावर उपाय म्हणून विकतात, ऑनलाइनही मिळते. अनेकांना ती वनस्पती वाटते. ती बहुतेक वेळा सी-फॅन, म्हणजे पंख्यासारखं प्रवाळ, किंवा काळं प्रवाळ असते. दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि या अनुसूचीतल्या जिवांच्या व्यापाराला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे. कुणाच्या घरी दिसली तर भांडू नका, त्यांना माहीत नसतं. विकत घेऊ नका आणि दुकानदाराला ती काय आहे ते सांगा. गड्ड्याच्या यात्रेत शंख-शिंपल्यांचा स्टॉल दिसला तर मुलांना एक शंख ओळखायला शिकवा: ट्रायटनचा तुतारीसारखा लांबट, मोठा शंख. तो प्राणी प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाची शिकार करतो, म्हणून भित्तीला तो हवा असतो. तो संरक्षितही आहे.

आपल्या भागातून अंदमानला सहलीला जाणारे आता बरेच आहेत, म्हणून दुसरं काम सहलीचं. प्रवाळावर उभं राहायचं नाही, एवढं एक पाळलं तरी खूप झालं. नांगर भित्तीवर टाकणारी बोट नाकारायची आणि बोयाला बांधणारी निवडायची. सनस्क्रीन लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालायचा. जेवणात हेकरू किंवा पॅरटफिशऐवजी कुपा मागायचा. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा बॅगेत टाकायचा नाही. विमानतळावर तपासणी होते, आणि तो तुकडाही कायद्याच्या कक्षेत येतो.

तिसरं काम मला सर्वांत आवडतं. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर भारताच्या प्रवाळक्षेत्रांसाठी पांढरं पडण्याचे इशारे मिळतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे जागतिक नकाशेही सगळ्यांना खुले आहेत. मार्च ते जून दर सोमवारी मुलांनी लक्षद्वीप आणि अंदमानचे आकडे वहीत उतरवायचे, शेजारी त्या दिवशीचं सोलापूरचं तापमान लिहायचं, आणि तापलेल्या आठवड्यांची बेरीज आलेखावर चढवायची. बेरीज ४ ओलांडेल त्या आठवड्यात वर्गात चर्चा घ्या. अशी चार-पाच वर्षांची वही झाली तर शाळेकडे स्वतःची नोंद असेल, आणि आठवीतली मुलं ती पुढच्या आठवीकडे सोपवतील.

राहिले पैसे. ज्या संस्था बेटावरच्या मच्छीमारांबरोबर वर्षानुवर्षं नोंदी ठेवतात, त्यांच्याकडे ते जाऊ द्या. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचं लक्षद्वीपमध्ये आणि दक्षिण फाउंडेशनचं लक्षद्वीप-अंदमानात काम आहे. देण्याआधी त्यांनाही पत्र लिहा आणि पैसा कशाला लागेल ते विचारा. बोटीचं डिझेल, स्थानिक सहाय्यकाचं मानधन, पाण्याखालच्या पाट्या अशा साध्या गोष्टींवरच काम अडतं. मुलांना आपल्याच किनाऱ्याजवळचं काहीतरी हवं असेल, तर महाराष्ट्रात मच्छीमाराने जाळं कापून कासव किंवा व्हेल शार्क सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी सरकारी योजना २०१८ पासून आहे. ती कशी चालते, हे मुलांनी मॅंग्रोव्ह फाउंडेशनला पत्राने विचारावं. २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर बागेश्री नावाच्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या मादीला उपग्रह यंत्र बसवलं होतं. ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तिचा मार्ग नकाशावर काढायला लावा. कोकणात सोडलेलं एक कासव वाटेत किती राज्यांच्या आणि देशांच्या मच्छीमारांच्या भरवशावर असतं, ते मुलांना नकाशातच दिसेल.

कंपनीकडून लेखी उत्तरं आली तर इथेच टाका, मी वाचून मत देईन. परवानगीचा क्रमांक आणि २०२४ नंतरचा जगण्याचा आकडा, या दोन गोष्टी आधी बघा. इन्कॉइसचे आकडे वहीत उतरवताना कुठला रकाना घ्यायचा याबद्दल अडलं, तर तेही विचारा.